चौदा नंबरचा डबा

दामाजी म्हात्र्यांचा माणूस विठ्ठलवाडीला निरोप घेऊन आला, तेव्हा सहदेव भोईर ओटीवर बसून विळ्याला नवी मूठ बसवत होता.

"शेठनी बोलावलंय. काही डबे तपासायचेत."

सहदेवनं अठरा वर्षं डबेच तपासले होते. खडवलीच्या पुढं डोंगराच्या कुशीत एका ठेकेदाराची खडीची खाण होती. खाणीतून खाली मोठ्या लाईनीपर्यंत ठेकेदाराचे स्वतःचे रूळ होते आणि जुन्या बाजारातून घेतलेले वीसेक मालडबे. हातोडीनं चाक ठोकायचं, आवाज ऐकायचा, ब्रेक दाबून बघायचा आणि डबा चालण्याजोगा असला तर अंगावर खडूनं फुली मारायची, हे सहदेवचं काम. फुलीशिवाय डबा हलत नसे. खाण बंद पडून आता चार वर्षं झाली होती.

"डोंबिवलीत शेठच्या दारात कसले डबे आलेत?" त्यानं विचारलं.

"खेळण्यातले," निरोप्या म्हणाला, आणि दोघंही हसले.

दामाजींची स्टेशनाजवळची भातजमीन प्लॉट पाडून विकली गेली होती, आणि त्यांनी नवा बंगला बांधला होता. मुंबईच्या एका स्नेह्याकडे काचेच्या कपाटात विलायती आगगाडीचे डबे मांडलेले त्यांनी पाहिले आणि तेव्हापासून आपल्याही दिवाणखान्यात तसं काही असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. कुणीतरी त्यांना ठाण्याच्या एका कारागिराचं नाव सांगितलं. तो माणूस सहा डबे घेऊन आला होता आणि एकेका डब्याचे शंभर रुपये मागत होता.

"सहाशे रुपये!" सहदेव आत शिरताच दामाजींच्या पत्नी कमळाबाई म्हणाल्या. "एवढ्यात दारात दुभती म्हैस येईल. तुम्हीच सांगा यांना."

"म्हणून तर याला बोलावलंय," दामाजी म्हणाले. "सहदेव, तुझं आयुष्य डब्यांत गेलं. नीट बघ आणि सांग, हे त्या पैशाच्या लायकीचे आहेत का. तू म्हणशील तसं."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून एक काटकुळा म्हातारा उठला. सहदेवनं त्याला ओळखलं. खाणीवरचे भाऊ सुतार. डब्यांच्या फळ्या बसवायला ते असत. मग खाण सोडून ते ठाण्याला गेले होते.

"सहदेव, तुम्ही पारखणार?" भाऊंचा चेहरा उजळला. "मग मला काळजी नाही."

डबे टेबलावर एका ओळीत मांडले होते. प्रत्येक वीतभर लांब. सहदेव वाकला आणि हसायचं विसरला. फळ्या खऱ्या सागवानाच्या होत्या, नखाएवढ्या रुंद, आणि प्रत्येक फळीला रिबिटी. टोकाला धक्का झेलणारे पितळी बफर. ते बोटानं दाबले की आत जात आणि हळूच बाहेर येत. त्यानं पहिला डबा उलटा केला. खाली कमानी होत्या, एकावर एक पाती बसवलेल्या. चाकांच्या आसांवरच्या इवल्या तेलाच्या डब्यांना झाकणं होती आणि ती उघडत होती. त्यानं चाकावर नखानं टिचकी मारली. स्वच्छ आवाज आला, बारीक घंटेसारखा.

"दांडा दाबा," भाऊ म्हणाले. "ब्रेक लागतो."

सहदेवनं बाजूचा इवलासा दांडा खाली दाबून खीळ घातली. लाकडी गुटके चाकांना भिडले आणि डबा जागच्या जागी थांबला. सहदेवच्या छातीत काहीतरी भरून आलं. इतकी वर्षं ज्या कामाला लोक दगडमातीचं काम म्हणाले, ते कुणीतरी एवढ्या मायेनं बघितलं होतं. दुसरा डबा, तिसरा, चौथा. कुठंही लबाडी नव्हती. जे दिसणार नाही तेही केलेलं होतं. शंभर रुपये कमीच आहेत, असं तो सांगणार होता.

सहाव्या डब्याच्या बाजूला पांढऱ्या रंगात आकडा होता, चौदा. सहदेवनं डबा उलटा केला. ब्रेकचा दांडा जिथं खालच्या सळईला जोडलेला असतो, तिथं बाकीच्या पाचही डब्यांना पितळेचा बोल्ट होता. इथं बोल्ट नव्हता. तिथं बारीक तार गुंडाळलेली होती, तीन वेढे आणि टोकाला पीळ.

त्याच्या हातातून डबा पडला नाही एवढंच. त्यानं तो जपून खाली ठेवला.

"काय रे?" दामाजींनी विचारलं.

"शेठ," सहदेव म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "खेळणी आहेत. एवढे पैसे टाकू नका."

कमळाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. भाऊ जवळ आले. "कुठं खोट आहे तेवढं सांगा, सहदेव. मी सुधारतो."

"खोट नाही. पण तेवढी किंमत नाही."

भाऊंनी एकेक डबा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. सहाही डबे गुंडाळून होईपर्यंत सहदेव भिंतीकडे बघत उभा राहिला.

*

नऊ वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, खडीला फार मागणी होती. चौदा नंबरच्या ब्रेकचा बोल्ट तुटला तेव्हा मुकादमानं तार गुंडाळली आणि म्हणाला, "सोमवारी बोल्ट येतो. तोवर मार फुली." सहदेवनं तार पाहिली, बोटानं चाचपली, आणि फुली मारली. सोमवारी बोल्ट आला नाही. पुढच्या आठवड्यातही आला नाही. सहदेव रोज त्याच तारेवर फुली मारत राहिला.

मग एका शनिवारी दुपारी खडीनं भरलेला चौदा नंबर उताराच्या डोक्यावर उभा होता. ब्रेकवर रघु केणे होता, सहदेवचा जिवाभावाचा सोबती; दोघं एका डब्यातली भाकर खात. खाली वळणावर बायका दगड फोडत बसल्या होत्या. डबा आपोआप सुटला. त्यात ठमाबाई नावाची बाई गेली आणि रघु गेला.

ठेकेदाराच्या मॅनेजरनं चौकशी केली. डब्याचा चुरा झाला होता, दांडा मोडून कुठल्या कुठं पडला होता. "ब्रेक ठीक होता?" मॅनेजरनं विचारलं. सहदेव म्हणाला, "होय." मग कागद झाला की रघु केणेनं ब्रेक लावला नाही, त्याच्या हयगयीनं दोन जीव गेले. तो कागद खडवलीच्या चावडीवर वाचून दाखवला गेला.

सहदेवनं स्वतःची समजूत घातली होती. रघु कधीकधी तंद्रीत असे. तारेनं धरलं असेल, रघुच विसरला असेल. कोण सांगणार? ब्रेक लावला की नाही ते बघणारा कुणी उरला नव्हता. या एका 'कोण सांगणार' वर त्यानं नऊ वर्षं काढली होती.

डोंबिवलीहून आल्यापासून मात्र त्याला तो आवाज ऐकू येऊ लागला. भर दुपारी, ओटीवर ऊन पडलेलं असताना, घरामागून चाकाचा आवाज येई. गाडी जाते तो धडधडाट नव्हे. तो त्याच्या ओळखीचा होता, त्याचं घरच लाईनीला लागून होतं. हा आवाज एका चाकाचा होता. कर्र, मग थांबणं, मग पुन्हा कर्र. भरलेला डबा ब्रेक सुटायच्या आधी जसा इंचाइंचानं सरकतो तसा. तो उठून मागं जाई. मागं वालाचा मांडव, पलीकडे रिकामे रूळ. कुणी नसे.

एकदा तो परत आला तर ओटीच्या खांबावर खडूची फुली होती. त्यानं पुसली. "मनु, ही फुली कुणी मारली?"

त्याची बायको मनुबाई चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याच्या बोटांना खडू लागलेला होता.

"तुम्हीच," ती हळूच म्हणाली. "सकाळी पण मारलीत. मी पुसली. काय झालंय तुम्हाला?"

सहदेव आत गेला, ट्रंक उघडली, घराच्या कौलांसाठी बाजूला काढून ठेवलेले शंभर रुपये घेतले आणि ठाण्याची गाडी पकडली. डबा विकत घ्यायचा आणि खाडीत टाकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

*

भाऊ खारकर आळीत एका पडवीत काम करत. सहदेवला बघून ते उठले नाहीत, पण चटई पुढं सरकवली.

"चौदा नंबर द्या," सहदेव म्हणाला आणि पैसे ठेवले.

"तुम्हीच म्हणालात, किंमत नाही."

"माझं चुकलं. खोटं बोललो मी."

भाऊंनी पैशांना हात लावला नाही. पेटीतून डबा काढून फडकं सोडलं. "लोक विचारतात, एवढे पैसे कशाचे? लाकूड आठ आण्याचं, पितळ दोन रुपयांचं. मी म्हणतो, बघण्याचे. एक डबा करायला तीन महिने लागतात, त्यातला एक महिना नुसता बघण्यात जातो."

"इथं तार का घातलीत?" सहदेवनं विचारलं.

"होती म्हणून."

"बोल्ट घातला असता तर देखणा दिसला असता."

"देखणा दिसला असता. पण तो चौदा नंबर झाला नसता." भाऊंनी फळीवरून एक चोपडी काढली. पानापानावर पेन्सिलीची चित्रं होती, मापं, तारखा. चौदा नंबरचं पान उघडून त्यांनी समोर धरलं. तारेचं वेगळं मोठं चित्र काढलेलं होतं, तीन वेढे, टोकाला पीळ. तारीख त्या शनिवारच्या आठ दिवस आधीची. "मी दुसऱ्याच दिवशी खाण सोडली. नंतर कळलं की या डब्यानं माणसं मेली. रघु ब्रेक लावायला विसरला म्हणतात. खरं का?"

सहदेव चित्राकडे बघत राहिला. तारेच्या शेजारी, डब्याच्या अंगावर, भाऊंनी खडूची फुलीसुद्धा काढली होती.

पैसे तिथंच सोडून सहदेव डबा घेऊन कळव्याच्या बाजूला खाडीवर गेला. भरती होती. कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या होत्या, एक बाई काठावर जाळं सुकवत होती. सहदेवनं हात वर केला. डब्याची चाकं हातात हलली, तळव्यावर थंडगार, आणि त्याच्या मनात आलं, याचा ब्रेक धरतो का, ते आपण बघितलंच नाही. डोंबिवलीत पाच डब्यांचे ब्रेक लावून पाहिले. याचा नाही पाहिला. खाणीवरही भरल्या डब्यावर तो कधी पाहिला नव्हता.

"टाकतोस का काय?" बाईनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं पाटाखाली वीट ठेवून उतार केला. डब्यात ओल्या रेतीचं वजन घातलं. पाटावर डबा ठेवला, दांडा दाबला, खीळ घातली. डबा थांबला. मनुबाई दारात उभी राहून बघत होती. सहदेव मोजू लागला. एक, दोन, तीन. डबा खंबीर उभा होता. तीस. चाळीस. त्याच्या मनात क्षणभर आशा आली, आणि त्या आशेचीच त्याला किळस वाटली. डबा उभा राहिला तर रघु गुन्हेगार ठरणार होता, आणि त्याला तेच हवं होतं.

साठाच्या आसपास चाक बोलू लागलं. कर्र. थांबलं. पुन्हा कर्र. तोच आवाज, जो तो घरामागं ऐकत होता. खीळ जागच्या जागी होती, दांडा खाली होता, आणि तारेचा पीळ केसाकेसानं उलगडत होता. मग डबा सुटला, पाटावरून घरंगळला आणि जमिनीवर उताणा पडला.

त्यानं पुन्हा पीळ दिला, पुन्हा ठेवला. दर वेळी डबा थांबे, आणि दर वेळी सुटे. शेवटी त्यानं तार काढून बोल्टच्या जागी मनुबाईची सुई आरपार घातली. डबा दुपारभर जागचा हलला नाही.

"रघुनं ब्रेक लावला होता," तो म्हणाला.

मनुबाई खाली बसली. तिला काही सांगावं लागलं नाही. "सगुणाला जाऊन सांगा," ती म्हणाली.

*

रघुची बायको सगुणा खडवलीत नदीच्या वाटेवर राहत होती. सहदेव नऊ वर्षांत एकदाही तिच्या दारात गेला नव्हता. ती अंगणात भात वाळत घालत होती. त्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढं घेतला.

"भावजी? वाट चुकलात?"

त्यानं ओट्यावर पाट मागून घेतला. डब्याला तार पुन्हा गुंडाळून आधी दाखवलं, मग सांगितलं. डबा सुटून पडला तेव्हा सगुणानं दचकून पाय मागं घेतला. कुठला मुकादम, कुठली तार, किती दिवस फुली मारली, चौकशीत काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं त्यानं सांगितलं.

"म्हंजे यांनी लावला व्हता," ती शेवटी म्हणाली.

"हो, वहिनी."

"नऊ वर्सं मी त्या माणसावर रागावून हाय." तिचा आवाज चढला नाही. "गावानं पाणी भरू दिलं नाय, त्याचं काय नाय. पण मी. रोज सकाळी उठून मी त्यांना शिव्या देते. एवढं ध्यान नाय ठेवलंस, म्हनते. दुसऱ्याची बाई मारलीस, म्हनते. त्यांना घास काढताना पन मी कधी सरळ काढला नाय, भावजी. कावळा शिवला नाय म्हनून मी त्यांनाच बोलले."

सहदेवनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, हाताला येईल ते फेकून मारेल. ती नुसती डब्याकडे बघत होती.

"तुमी व्हतात ना तिथं? डोळ्यानं बघितलंत?"

"बघितलं."

"मला कुनी सांगितलंच नाय. शेवटाला काय झालं, ते सांगा."

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं, मॅनेजरनंही नाही. "डबा सुटला तसा तो बाजूनं पळाला," सहदेव म्हणाला. "'उठा, उठा' म्हणून ओरडत. दगड फोडणाऱ्या बायका उठून पळाल्या. परगावच्या होत्या, दुसऱ्याच दिवशी मुलूख सोडून गेल्या. ठमाबाईच्या मांडीवर टोपली होती, तिला उठता आलं नाही. रघु डब्याच्या पुढं गेला आणि लाकडाचा ओंडका चाकाखाली सारला. त्याला बाजूला होता आलं असतं. तो झाला नाही."

सगुणानं तोंडात पदर कोंबला. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. मग ती डोळे पुसून म्हणाली, "केवढ्याला घेतलात हा डबा?"

"शंभर रुपये."

"एवढे?" तिनं डबा उचलला, पोटाशी धरला. "राहू द्या हितं."

मग ती उठली. "चला. नाथाला सांगायचंय."

नाथा मुकणे हा ठमाबाईचा नवरा. कातकरवाडी गावाबाहेर होती. वाटेनं सगुणा पुढं चालत होती, सहदेव मागं. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. नाथा झोपडीपुढं टोपली विणत होता. सगुणाला बघून त्याचे हात थांबले. या बाईच्या घरावर त्यानं दगड मारले होते, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांकडे तोंड फिरवलं होतं.

सहदेवनं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी डबा नव्हता, नुसते शब्द होते, आणि ते जास्त जड गेले.

नाथानं ऐकून घेतलं. "तुला ठाव व्हतं तार हाय म्हनून?"

"हो."

"रोज बघायचास?"

"रोज."

नाथा उठला. सहदेव तसाच उभा राहिला. मार खायला तो तयार होता, किंबहुना त्याला तोच हवा होता. पण नाथा त्याच्या अंगावर आला नाही. तो त्याला ओलांडून सगुणापुढं गेला आणि कसं बोलावं ते न सुचून हात जोडून उभा राहिला. सगुणा खाली बसली. नाथाही बसला. तिनं विचारलं, ठमाबाईचं वय काय होतं. तो सांगू लागला. दोघं हळूहळू बोलू लागली, आपापल्या माणसांबद्दल, आणि सहदेव तिथं आहे याची त्यांना आठवण राहिली नाही. थोडा वेळ थांबून तो एकटाच स्टेशनाकडे निघाला.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो पुन्हा खडवलीला गेला आणि चावडीवर उभा राहून, जिथं तो कागद वाचला गेला होता तिथं, खरं काय ते बोलला. काहींनी ऐकलं, काही म्हणाले, आता याचा काय उपयोग. ठेकेदार मरून गेला होता, मुकादमाचा पत्ता नव्हता; कागद दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं. पण त्या आठवड्यात सगुणाला पाणवठ्यावर कुणी अडवलं नाही. दामाजींकडे जाऊनही त्यानं सांगितलं की डबे शंभराचे होते, आपण लबाडी केली. दामाजींनी मधल्या काळात डब्यांच्या कपाटासाठी ठेवलेल्या जागी रेडिओ आणला होता. "जाऊ दे रे," ते म्हणाले. सहदेव मात्र भाऊंकडे गेला आणि मान खाली घालून तेच बोलला, तारेचंही. भाऊंनी चटई पुढं सरकवली.

सगुणानं त्याला माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. आवाज पूर्ण गेला नाही. पावसाळ्यात कमी होई, उन्हाळ्यातल्या दुपारी वाढे. सहदेव मग ओटीवर बसून ऐकत राही. आता तो उठून मागं बघायला जात नसे. मनुबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळे. ती सूप घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसे आणि तांदूळ पाखडता पाखडता कशाबद्दलही बोलत राही, गावातल्या लग्नांबद्दल, भावाच्या शेताबद्दल, आवाज थांबेपर्यंत.